प्रश्न विचारले जातात तेथे आपली हजेरी हवी

केळापूर (जि. यवतमाळ) तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालक मंडळांस अनावृत पत्र

सन्माननीय संचालक बंधुभगिनींनो,



आपल्या तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा मी सामान्य सभासद आहे. आणि कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या ज्या दुरुस्तीने या कंपन्यांना अस्तित्व दिले, तिनेच भाग थोडे असोत की फार, प्रत्येक शेतकरी सभासदाला एकच मत दिलेले असल्यामुळे, त्या एका मताच्या अधिकाराने हे पत्र लिहीत आहे. ते एका संचालक मंडळाकडे दरखास्त म्हणून पाठवून त्यांच्या दफ्तरी दाखल करता आले असते. परंतु ज्या अडचणीविषयी मला लिहावयाचे आहे ती पाटणबोरीपासून मोहद्यापर्यंत आणि करंजीपासून रुंझ्यापर्यंत साऱ्यांचीच सारखी आहे, आणि तिच्यावरचा उपायही सर्वांनी मिळून केला तरच फळास येण्याजोगा आहे, म्हणून हा उघड मार्ग पत्करला.

अडचण अशी आहे. पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या गृहस्थाने आपल्या तालुक्याचे अगर पांढरकवडा या त्याच्या मुख्य गावाचे नाव संगणकावर किंवा मोबाइलवर शोधण्यासाठी टाकले, तर त्याला काय दिसते? २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री पांढरकवडा वनविभागात गोळी घालून मारलेल्या अवनी वाघिणीची हकीकत दिसते. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघून, तेलंगणाच्या हद्दीत शिरून, तेराशे किलोमीटरांहून अधिक वाटचाल करीत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेल्या तरुण वाघाचा नकाशा दिसतो. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्राची छायाचित्रे दिसतात. आणि या सगळ्यांच्या आधी, मध्ये आणि शेवटी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे, समित्यांचे अहवाल व २००६ च्या केंद्रीय पॅकेजपासून आजतागायत झालेल्या घोषणांच्या बातम्या दिसतात. यांतले काहीही खोटे नाही. परंतु यांतले जवळजवळ काहीही आपण लिहिलेले नाही. आपल्या काळ्या जमिनीत पिकणारी तूर कोणती, तिची डाळ कोण करते आणि ती कोठे मिळते, आपला कापूस कोणत्या महिन्यात वेचला जातो आणि त्याची प्रत कशी असते, या तालुक्यात राहून शेती करणारे लोक आपल्या पिकांविषयी काय जाणतात, यासंबंधी आपल्या तोंडचा शब्द त्या शोधात सापडत नाही. जगाला आपण दिसतो. पण ते नेहमी दुसऱ्याच्या लेखणीतून.

हे ओळखूनच आपल्यापैकी काही कंपन्यांनी मोठ्या उमेदीने संकेतस्थळे तयार करून घेतली, त्यांची उद्घाटने झाली, सभासदांना संदेश गेले. आणि त्यानंतर त्या स्थळांकडे कोणी फिरकले नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा एका स्थळाचे वर्णन जरा तपशिलाने करतो, कारण दोष कोठे आहे ते त्यावरून ध्यानात येईल. पहिल्या पानावर संचालक मंडळाचे छायाचित्र आहे. त्याखाली डाळ, हळद आणि तिखट यांची माहिती आहे. परंतु ती एका रंगीत फलकाच्या चित्रात गोवलेली असल्यामुळे, डोळ्यांना अक्षरे दिसत असली तरी शोधयंत्राला तेथे मुख्यतः एक चित्रच आढळते. ‘कंपनीविषयी’ या पानावर मजकूर आहे. पण तो डी. टी. पी.वाल्याने जुन्या छपाईच्या फॉन्टात टंकलेला असल्यामुळे, युनिकोडमधील देवनागरी जाणणाऱ्या यंत्राला त्यात निरर्थक चिन्हांची रास दिसते, आणि ‘तूरडाळ’ हा शब्द त्या पानावर दहा वेळा असूनही कोणी तूरडाळ शोधू लागला तर हे पान त्याच्यापुढे येण्याचा संभव नाही. हा दोष एका दिवसाच्या कामाने दूर होण्यासारखा आहे व तो प्रथम दूर करावा. मात्र तो दूर केल्यावर स्थळ वाचण्याजोगे होईल एवढेच. वाचणारा तेथे येण्याचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याच प्रश्नाचे उत्तर विकणारे लोक आता आपल्या दारी येऊ लागले आहेत.

या लोकांची बोलणी मी ऐकली आहेत. अमुक हजार रुपये द्या, आम्ही देशोदेशींच्या चर्चामंचांवर तुमच्या स्थळाचे दुवे टाकतो, मग गूगलमध्ये तुमचे नाव पहिल्या पानावर आलेच असे समजा, अशी त्यांची मांडणी असते. तीत सत्याचा एक जुना अंश आहे, म्हणून ती पटते. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी जी शोधपद्धती मांडली, तिचे मर्म असे होते की, एखाद्या पानाकडे दुसऱ्या पानांवरून किती दुवे येतात आणि ते दुवे देणारी पाने स्वतः किती मान्यवर आहेत, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवावे. दुवा म्हणजे एका लेखकाने दुसऱ्याला दिलेली साक्ष, असे गृहीत धरून ही पद्धती उभी राहिली. आणि साक्ष मोलाची ठरताच खोट्या साक्षीचा बाजार मांडला जावा हे क्रमप्राप्तच होते. लोकांच्या गप्पांत, प्रश्नोत्तरांत आणि अभिप्रायांत हजारोंनी दुवे चिकटवले जाऊ लागले. तेव्हा २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही शोधसंस्थांनी ‘नोफॉलो’ नावाची खूण मान्य केली. वाचकांनी टाकलेल्या ज्या दुव्यावर मंचचालक ही खूण करील तो दुवा साक्ष म्हणून धरावयाचा नाही, असा तिचा अर्थ. पुढे २०१९ साली वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातले दुवे व पैसे देऊन घेतलेले दुवे यांसाठी आणखी वेगळ्या खुणा आल्या. म्हणजे जो माल ही मंडळी आपल्याला आज विकू पाहतात त्याची किंमत बाजारात कधीच उतरली आहे. आणि वर त्या मंचावरील माणसांच्या मनातून आपल्या कंपनीचे नाव उतरते, ते नुकसान वेगळेच.

या दुसऱ्या नुकसानीचा दाखला फार जुना आहे. १९९४ च्या एप्रिलात अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या कॅन्टर आणि सीगल या वकील दांपत्याने परदेशी लोकांच्या निवासपरवान्यासंबंधीची आपली जाहिरात त्या काळच्या ‘यूजनेट’वरील हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. कोणत्या गटात कशाची चर्चा चालली आहे याची त्यांनी विचारपूस केली नव्हती. त्यांना गिऱ्हाइके मिळाली असे ते स्वतः सांगत; परंतु लोकांचा क्षोभ एवढा झाला की त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीची यंत्रे तक्रारींच्या पत्रांखाली बंद पडू लागली आणि त्यांचे खाते बंद झाले, व आज तीस वर्षांनंतरही ती दोन नावे घेतली जातात ती केवळ या उपद्रवाचे उदाहरण म्हणून. आपल्या तालुक्याच्या नावाला आधीच पुष्कळ दुःखद गोष्टी चिकटलेल्या असताना, त्यांत आगंतुकपणाची भर पडू नये असे मला मनापासून वाटते.

मग मार्ग कोणता? चावडीवर चार माणसे जमून एखाद्या गोष्टीची मसलत चालली असता मध्येच शिरून आपल्या मालाचा भाव ओरडणाऱ्याला लोक उठवून लावतात, आणि जो शांतपणे बसतो, विचारलेल्या गोष्टीत त्याला गती असली तर नेमके उत्तर देतो, त्याचे गाव कोणते, तो काय करतो, हे लोकच उठून विचारतात. जालावरचे चर्चामंच ही अशीच चावडी आहे, आणि तेथे आपल्याजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

एक प्रश्न उदाहरणादाखल घेतो. कपाशी दीड-दोन महिन्यांची झाली की दर वर्षी कोठे ना कोठे, कधी फेसबुकवरील शेतकऱ्यांच्या समूहात, कधी मराठी कोरावर, कधी एखाद्या चित्रफितीखालच्या अभिप्रायांत, कोणीतरी लिहितो: ‘फुले पूर्ण उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहतात, काय फवारू?’ त्याखाली पाच-सात जण तत्काळ औषधांची नावे टाकतात, दोघे-तिघे आपापल्या दुकानाचा क्रमांक देतात, आणि विचारणारा होता त्याहून अधिक गोंधळून निघून जातो. आता आपल्या तालुक्यातला जो शेतकरी २०१७ च्या गुलाबी बोंडअळीच्या प्रकोपातून गेला आहे, ज्याने त्या वर्षी बोंडे फोडून आत कवडी झालेला कापूस डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला हे काय आहे ते पहिल्या ओळीतच उमजते. ही डोमकळी, पाकळ्या आतून रेशमी धाग्यांनी बांधून अळी आत बसलेली आहे. तो लिहू शकतो की, प्रथम अशी फुले तोडून अळीसकट नष्ट करा. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा व त्यांत रोज सकाळी किती नर पतंग अडकले ते मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग आले, किंवा शेतात वेगवेगळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडे तोडून फोडली असता त्यांत दोन किडकी निघाली, तर फवारणीची वेळ आली असे समजा, त्याआधी नव्हे. आणि हंगाम संपल्यावर फरदडीचा मोह धरून पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, कारण पुढल्या वर्षीची अळी तेथेच सुप्त राहते. कृषी विद्यापीठाच्या आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींना धरूनच हे सारे आहे. परंतु ज्याने ते आपल्या रानात केले आहे त्याच्या तोंडून ते आले म्हणजे त्यात आणखी काही उतरते. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा उंच का टांगावा, सापळ्यातली गोळी कधी बदलावी, मजूर मिळत नसताना फुले वेचण्याचे काम कसे उरकावे, हे कोणत्याही घडीपत्रिकेत एवढ्या खुलासेवार लिहिलेले नसते.

हे उत्तर लिहिताना त्याच्या शेवटी कंपनीचा दुवा चिकटवण्याची घाई करू नये. लिहिणाऱ्याच्या नावासोबत त्याच्या ओळखपत्रात कंपनीचे नाव, तालुका आणि स्थळाचा पत्ता असला म्हणजे पुरे. ज्याला उत्तर उपयोगी पडते तो त्या नावावर बोट ठेवतोच. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच लांबलचक असेल, सापळ्यांच्या नोंदीचा नमुना, आठवड्यांचे कोष्टक, किडलेल्या बोंडांची छायाचित्रे त्यात द्यावयाची असतील, तर ते आपल्या स्थळावर एका स्वतंत्र पानावर नीट लिहून ठेवावे, मंचावर त्याचा सारांश पुरता द्यावा, आणि ‘कोष्टक हवे असल्यास येथे आहे’ एवढे सांगावे. सारांश वाचूनच ज्याचे काम भागेल तो आपल्या स्थळावर येणार नाही, याची खंत करू नये. त्याचे काम भागले म्हणूनच तो पुढल्या वेळी तूरडाळ घेताना आपले नाव आठवील.

शहरातल्या गिऱ्हाइकांचे प्रश्न निराळे असतात, पण त्यांचीही उत्तरे आपल्याच घरांत आहेत. ‘गावाकडून आणलेली तूरडाळ लवकर का शिजत नाही’, ‘चकचकीत डाळ चांगली की मळकट दिसणारी’, हे प्रश्न स्वयंपाकाच्या मंचांवर वारंवार येतात. आपल्या महिला बचत गटांतल्या ज्या भगिनी तुरीला तेलपाणी लावून, उन्हात वाळवून, जात्यावर किंवा छोट्या गिरणीवर डाळ भरडतात, त्यांच्याहून अधिक अधिकाराने याचे उत्तर कोण देणार? पॉलिश म्हणजे काय करतात, डाळ जुनी झाली की कशी कठीण होते, पाणी जड असले तर ती का शिजत नाही व त्यावर घरात काय करावे, हे त्या आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलल्या आणि कोणी तरुणाने ते तसेच उतरवून घेतले, तरी ते वाचनीय होईल. भाषा शुद्ध करण्याच्या भरात त्यांच्या बोलण्यातला जिवंतपणा घालवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी याच पांढरकवड्यात बचत गटांच्या महिलांचा मोठा मेळावा पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाला होता. त्या मैदानावर ज्या भगिनी श्रोत्या म्हणून बसल्या होत्या त्यांना वक्त्या होण्याचे व्यासपीठ आज त्यांच्या हातातल्या मोबाइलवर उपलब्ध आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून लोकहितवादींनी जी पत्रे लिहिली ती काय होती? लोकांपुढे असलेल्या प्रश्नांवर लोकांच्या भाषेत, लोकांच्या समोर केलेली चर्चाच ती. जालाच्या युगातही मराठी मंडळींनी फार लवकर पाऊल उचलले. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत राहून १९९६ च्या गणेशचतुर्थीला ‘मायबोली’ सुरू केली, तेव्हा देवनागरी अक्षर पडद्यावर उमटवणे हेच मोठे कष्टाचे काम होते. पुढे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’, ‘ऐसी अक्षरे’ अशी स्थळे निघाली, आणि त्यांवर पाककृतींपासून पीकपाण्यापर्यंत लाखो शब्दांची देवघेव झाली. या मंचांवर जाहिरातीचे स्थान आणि चर्चेचे स्थान यांत भेद केला जातो, तो पाळावा. मायबोलीवर तर जाहिरातींसाठी स्वतंत्र विभागच आहे, आणि आपली डाळ विकण्यासाठी तेथे जाणे सरळ व सभ्य होईल.

याहून आपल्या कामाला जवळचे उदाहरण मुंबईच्या आय. आय. टी.चे आहे. तेथील प्रा. कृती रामामृतम् यांच्या चमूने २००३ च्या सुमारास ‘आक्वा’ नावाचा एक बहुभाषी प्रश्नोत्तर-मंच उभारला. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने शेतकरी त्यावर मराठीत प्रश्न विचारीत, आजारी पानाचे किंवा किडीचे छायाचित्र जोडीत, आणि तज्ज्ञ उत्तर देत. त्या काळी गावोगावी जालाची जोडणी नव्हती, मोबाइलवर मराठी टंकता येत नव्हते, तरीही तो चालला. याचे कारण माझ्या मते असे की, एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्यांसाठी जपून राहत होते आणि दुसऱ्या गावच्या माणसाला ते मागाहून शोधून काढता येत होते. आज आपल्याजवळ त्या काळाच्या मानाने साधने शतपट आहेत, आणि तरीही आपल्या तालुक्यातली उत्तरे जपली जात नाहीत. ती व्हॉट्सअॅपवर जातात.

या ठिकाणी जरा थांबून लिहिणे अवश्य आहे, कारण माझ्या मते आपले खरे नुकसान येथे होते. आपल्या प्रत्येक कंपनीचे, प्रत्येक गावाचे, खरिपाचे आणि रब्बीचे निरनिराळे व्हॉट्सअॅप समूह आहेत. त्यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत जे चालते त्यात गुड मॉर्निंगचे संदेश वगळले तरी पुष्कळ सोने असते. कोणी सोयाबीनवरील खोडमाशीचे छायाचित्र टाकतो, कोणी अनुभवी माणूस चार वाक्यांत तिचे निदान करतो, कोणी जिनिंगमधला त्या दिवसाचा भाव व ओलाव्याची कपात लिहितो, कोणी रोही-रानडुकरांपासून पीक राखण्याची एखादी नवी युक्ती सांगतो. संध्याकाळपर्यंत त्यावर शंभर संदेशांचा थर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न दुसरा शेतकरी पुन्हा विचारतो. बंद समूहातले हे ज्ञान कोणत्याही शोधयंत्राला दिसत नाही; घाटंजीच्या किंवा वणीच्या शेतकऱ्याला ते मिळत नाही, मग पुण्याच्या गिऱ्हाइकाची गोष्ट दूरच. समूह बंद करा असे मी म्हणत नाही. घरच्या गोष्टी घरात बोलाव्यात. परंतु तेथे आलेले एखादे उत्कृष्ट उत्तर, ते देणाऱ्याची परवानगी घेऊन व त्याच्या नावानिशी, उघड्या मंचावर आणि आपल्या स्थळावर नेऊन ठेवण्याचे काम कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे. गिऱ्हाईक आणण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

उघड्यावर उत्तर देण्यात एक जबाबदारीही आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही. २०१७ च्या त्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली. म्हणून कीटकनाशकाविषयी लिहिताना आपल्या माणसांनी ऐकीव मात्रा कधीही लिहू नये. दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची शिफारस करू नये. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो हे प्रत्येक वेळी सांगावे. आणि खात्री नसेल तेथे ‘कृषी विज्ञान केंद्राला विचारा’ असे स्वच्छ लिहावे. आपले उत्तर चुकीचे होते असे मागाहून कळले तर ते पुसून टाकण्याऐवजी त्याखाली दुरुस्ती लिहावी, म्हणजे ज्याने पहिले वाचले त्याला दुसरेही दिसेल. या कामी एखादा कृषी पदवीधर तपासनीस म्हणून नेमता आला तर उत्तम.

शेतीप्रमाणेच टिपेश्वरच्या जंगलाविषयीही प्रश्न विचारले जातात, त्याविषयी थोडक्यात लिहितो. सुन्ना आणि माथनी या प्रवेशद्वारांनी जंगलात जाऊ इच्छिणारे पर्यटक वन्यजीवप्रेमींच्या आणि प्रवाशांच्या मंचांवर पुष्कळ प्रश्न विचारतात: नागपूरहून किती वेळ लागतो, मुक्काम कोठे करावा, उन्हाळ्यात पाणवठ्यांवर काय दिसते, जेवणाची सोय काय. आज त्यांना उत्तरे देतात ते नागपूरचे व मुंबईचे हौशी छायाचित्रकार. दाराशी राहणाऱ्या माणसाने, विशेषतः जंगलाच्या कडेच्या पोडांवरल्या कोलाम तरुणांनी, ती दिली तर पर्यटकाला खरी माहिती मिळेल, आणि ज्वारीची भाकर, तुरीचे वरण व मोहाच्या झाडांविषयीची दोन वाक्ये त्याला परतताना आपल्या दुकानावर थांबवतील. वाघ अमुक ठिकाणी दिसला अशी ताजी वर्दी मात्र उघड्यावर देऊ नये. शिकाऱ्यालाही ती वाचता येते.

आता प्रश्न उरतो तो या श्रमाचे फळ मोजावयाचे कसे, आणि वेळ कोठून आणावयाचा. मोजण्यासाठी गूगलचे ‘सर्च कन्सोल’ नावाचे साधन विनामूल्य आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्या स्थळापर्यंत पोहोचले हे त्यात दिसते, आणि जो शब्द दिसतो आहे पण ज्याचे उत्तर आपल्या पानावर नाही, तोच पुढला लेख कशावर लिहावा हे सांगून जातो. त्याहून साधा उपाय म्हणजे मागणी नोंदवताना गिऱ्हाइकाला ‘आमचे नाव कोठे वाचले’ हे विचारून वहीत टिपून ठेवणे. फळ लवकर दिसणार नाही, एक-दोन हंगाम तरी धीर धरावा लागेल. परंतु शोधसंस्थांचा कल कोणत्या बाजूला चालला आहे ते पाहता हा धीर वाया जाण्याचे कारण दिसत नाही. २०२२ साली गूगलने अमेरिकेत इंग्रजी शोधांच्या उत्तरांत चर्चामंचांवरील मजकुराचा वेगळा गट दाखवण्यास प्रारंभ केला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ‘रेडिट’ या मंचावरील लोकांचे लिखाण वापरण्यासाठी वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलर देण्याचा करार केल्याच्या बातम्या आल्या. यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा पूर आलेला असताना, ज्याने स्वतः केले, पाहिले व भोगले आहे अशा माणसाच्या शब्दाला जगातल्या सर्वांत मोठ्या शोधसंस्थेने मोजलेली ही किंमत आहे. आणि तसे शब्द आपल्या प्रत्येक गावाच्या पारावर रोज बोलले जातात.

वेळेच्या बाबतीत माझी सूचना अशी आहे. एकट्या कंपनीला हा भार झेपणार नाही. म्हणून तालुक्यातील सर्व कंपन्यांनी मिळून दोन तरुण, त्यांपैकी एक मुलगी असावी, अर्धवेळ मानधनावर नेमावेत, ज्यांना मराठी युनिकोडमध्ये सफाईने टंकता येते आणि जे शेतकऱ्याच्या घरचे आहेत. दुवे विकणाऱ्यांना जी रक्कम देण्याचा विचार काही ठिकाणी चालू आहे तीच इकडे वळवावी. या दोघांनी आठवड्यातून ठरावीक दिवशी मंचांवरचे प्रश्न टिपावेत, ज्या सभासदाला त्या विषयात गती असेल त्याला फोन करून उत्तर विचारावे, ते त्याच्या नावाने लिहावे, तपासून घ्यावे आणि प्रसिद्ध करावे. व प्रत्येक प्रश्नोत्तराची नोंद एका सामाईक रजिस्टरात ठेवावी. खोट्या नावांनी खाती उघडून स्वतःच्याच मालाची स्तुती करणे, स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणे, असले प्रकार कोणत्याही सबबीवर होऊ देऊ नयेत, अशी अट त्यांच्या नेमणूकपत्रातच घालावी.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी प्रत्येक संचालक मंडळास माझी विनंती आहे. ठरावाचा मसुदा, नेमणूकपत्राचा नमुना आणि गेल्या हंगामात निरनिराळ्या मंचांवर विचारल्या गेलेल्या, ज्यांची उत्तरे आपल्या तालुक्यातच मिळण्याजोगी आहेत अशा प्रश्नांची यादी मी तयार करून ठेवली आहे. ज्या कंपनीला ती हवी असेल तिला विनामोबदला देईन, व प्रारंभीचे काही आठवडे त्या दोन तरुणांबरोबर बसून कामही करीन. यादीतला पहिला प्रश्न ओलावा अधिक भरल्याच्या कारणाने जिनिंगवरून कापूस परत आला तर काय करावे हा आहे. त्याचे उत्तर देऊ शकतील असे सभासद आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांची नावे सभेपूर्वी कळवावीत.



आपला नम्र,
केळापूर तालुक्यातील एक शेतकरी सभासद